साइट चालू आहे, पण ठीक आहे का?

वेबसाइटवर लक्ष ठेवायचं म्हटलं की बहुतेक लोक एकच गोष्ट करतात. अपटाइम रोबोट किंवा तसलंच काहीतरी फुकटातलं टूल घ्यायचं, त्यात साइटचा पत्ता टाकायचा, मग ते टूल दर पाच मिनिटांनी होमपेज उघडून बघतं, सर्व्हरचं २०० म्हणजे 'ठीक आहे' असं उत्तर आलं की हिरवा ठिपका, नाही आलं की लाल ठिपका आणि मेल. लावायला फार तर दहा मिनिटं लागतात आणि लावलं की माणूस एकदम निर्धास्त. चांगलंच आहे ते, लावलं नसेल तर आधी लावून या आणि मग पुढचं वाचा. पण साइट बंद पडणं हा सगळ्यात सोपा प्रॉब्लेम आहे राव, तो लपून राहतच नाही. मॉनिटरने नाही सांगितलं तरी कुणीतरी वैतागून फोन करतंच. खरा त्रास त्या गोष्टींचा, ज्यात साइट छान उघडते, ठिपका हिरवाच राहतो आणि आत भलतंच काहीतरी चाललेलं असतं. आणि ज्याने साइट हॅक केलीये त्याला तर ती चालू राहायला हवीच असते, तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त काळजी, बंद पडली तर त्याचा धंदा बसेल ना.

मी दुसऱ्यांच्या साइट्स सांभाळायचं काम करतो, बहुतेक वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवरच्या, काही कुणीतरी हाताने लिहून सोडून दिलेल्या जुन्या, पीएचपी भाषेतल्या. आणि माझं मत आता पक्कं झालंय की बाहेरून आलेल्या माणसाला नक्की काय दिसतंय, एवढंच विचारायचं असतं. तुम्हाला नाही, बाहेरच्या माणसाला. तुम्ही लॉगिन केलेलं असतं, तुमच्या ब्राउझरमध्ये जुना कॅशे, म्हणजे आधी साठवलेली पानं, पडलेला असतो, तुम्ही पत्ता थेट टाइप करून येता, गूगलवरून येत नाही. म्हणजे साइट तपासायला सगळ्यात नालायक माणूस कोण, तर साइटचा मालक.

त्या २०० चंच बघा आधी. २०० म्हणजे सर्व्हर म्हणतोय घ्या हे पान, बस. पानावर काय आहे याची तो काही हमी देत नाही. पीएचपीमध्ये एरर स्क्रीनवर दाखवायचं सेटिंग कुणी चालू ठेवलं असेल तर फॅटल एररचा मजकूर पानावर छापला जातो, फाइलच्या पूर्ण पाथसकट, आणि वरती कोड जातो २००. किंवा पान अर्धं पाठवून झालं आणि मग कोड फाटला, तर २०० आधीच निघून गेलेला असतो, तो काय परत बोलावता येत नाही, बघणाऱ्याला अर्धवट कापलेलं पान आणि मॉनिटरला हिरवा ठिपका. पुढे सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती साठवून वाटणारी सेवा, असेल तर अजून मजा, मागचा सर्व्हर मेलेला असतो आणि सीडीएन साठवलेलं होमपेज आनंदाने वाटत बसतो, होमपेज सोडून कुठेही क्लिक केलं की ५०२, म्हणजे मागून उत्तरच नाही. आणि काही साइट्सना तर सवयच असते, नसलेलं पान मागितलं तरी 'सापडलं नाही' असं सुंदर चित्र दाखवायचं आणि कोड मात्र २०० द्यायचा. खरा 'पान नाही' चा कोड ४०४, म्हणून गूगल याला सॉफ्ट ४०४ म्हणतं आणि सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, त्याची वेगळी यादी देतं, ती यादी कुणी उघडून बघत नाही हा भाग वेगळा.

यावर उपाय सोपा आहे, टूलला कोडसोबत शब्दही तपासायला सांगा. जवळपास प्रत्येक मॉनिटरमध्ये कीवर्डची सोय असते. शब्द द्यायचा तो पानाच्या अगदी तळातला, फुटरमधला, कारण पान मध्येच तुटलं तरी वरचा भाग येतोच, तळ येत नाही. उलटा कीवर्डही लावा, म्हणजे पानात 'फॅटल एरर' असं कुठे दिसलं तर बोंब मारायची. आणि होमपेज सोडून अजून एक पान घ्या जे कॅशेमधून येऊच शकत नाही, मी साइटवरच्या सर्चचं पान घेतो, कुठलातरी शब्द शोधायला लावतो, त्यासाठी डेटाबेसला उठावंच लागतं.

कॉन्टॅक्ट फॉर्म ही अजून एक छळणारी गोष्ट. फॉर्म भरला, सबमिट दाबलं, 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' आलं, आणि मेल मात्र कुठेच पोचला नाही. कुठेच एरर नाही, पीएचपीच्या मते मेल पाठवून झाला. बऱ्याच फॉर्म्समध्ये गंमत अशी असते की पाठवणारा म्हणून ज्याने फॉर्म भरला त्याचाच पत्ता टाकतात, म्हणजे तुमचा सर्व्हर याहूच्या एखाद्या पत्त्याच्या नावाने मेल पाठवतो. २०१४ मध्ये याहूने डीमार्कचं, म्हणजे आपल्या नावाच्या खोट्या मेलचं काय करायचं याचं, धोरण कडक करून सांगून टाकलं की आमच्या नावाने दुसऱ्याने पाठवलेलं सरळ फेकून द्या, तेव्हापासून असे फॉर्म गुपचूप मरत आलेत. पाठवणारा पत्ता आपल्याच डोमेनचा ठेवायचा, भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये टाकायचा, आणि अधूनमधून स्वतः फॉर्म भरून मेल येतोय का ते बघायचं. चौकशी यायची बंद झाली की लोक मार्केटिंगवाल्याला धरतात, फॉर्मवर कुणाचा संशयच जात नाही.

आता हॅकबद्दल. एका ओळखीच्यांचा फोन आला की गूगलवरून येणारी माणसं एकदम घटलीत, बाकी साइट तर ठीक चाललीये. मी उघडली, खरंच ठीक होती. मग गूगलमध्ये इंग्रजीत site असं लिहून कोलन देऊन पुढे त्यांचं डोमेन टाकलं तर काय, त्यांच्या साइटच्या नावाखाली जपानी अक्षरांतली पानंच पानं, ब्रँडेड बॅगा आणि बुटांच्या सेलची. त्यातल्या लिंकवर क्लिक केलं तर ४०४. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार की गूगलचाच काहीतरी घोळ आहे, आपल्याकडे अशी पानंच नाहीत. गूगलचा काही घोळ नव्हता. हा प्रकार इतका सर्रास होतो की गूगलने त्याला जपानी कीवर्ड हॅक असं नावच देऊन टाकलंय आणि साफ कसं करायचं तेही लिहून ठेवलंय.

फाइल्स उघडल्यावर सापडलं ते असं. थीमच्या फंक्शन्सवाल्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत, पीएचपी सुरू होतं त्याच्याच पुढे, शेकडो स्पेस सोडून एकदम उजवीकडे कोड लिहिलेला. एडिटर आडवा सरकवला नाही तर ओळ रिकामीच दिसते. त्यात बेस-६४ ची, म्हणजे वाचून काही कळू नये अशा अक्षरांत बदललेल्या कोडची, लांबलचक माळ, आणि ती उलगडली तर आत अगदी सरळ हिशेब: विचारणारा गूगलबॉट, म्हणजे गूगलसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, असेल तर सेलचं पान दे, गूगलच्या रिझल्टवरून मोबाइलवाला आला असेल तर भलत्या साइटवर ढकल, बाकीच्यांना ४०४ दाखव, आणि ज्याच्याकडे लॉगिनची कुकी आहे त्याच्या वाट्याला अजिबात जाऊ नको. हे शेवटचं बघा. मालकाला दिसू नये याची सोय पद्धतशीर केलेली, त्यामुळे मालक रोज साइट उघडून बघत असला तरी त्याला जन्मात कळणार नाही. फाइलची तारीखसुद्धा शेजारच्या फाइल्सशी जुळवून जुनी केलेली, म्हणजे नुकत्याच बदललेल्या फाइल्स दाखव म्हटलं तर ही त्यात येतच नाही. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये, जिथे फक्त फोटो असायला हवेत, तिथे एक पीएचपी फाइल, नाव असं की वर्डप्रेसचीच वाटावी.

आणि सर्च कन्सोलमध्ये मालकांच्या यादीत एक अनोळखी पत्ता. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, हॅकर तुमच्या साइटवर गूगलची व्हेरिफिकेशन फाइल टाकून स्वतःला मालक म्हणून जोडून घेतो, मग स्वतःचा साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, सबमिट करतो म्हणजे त्याची पानं गूगलमध्ये पटापट जातात. असा नवा मालक जोडला गेला की गूगल आधीच्या मालकांना मेल पाठवतं. इथेही पाठवला असणार, पण आधीचा मालक म्हणून ज्याचा पत्ता होता तो साइट बनवून देणारा, आणि त्याचा या साइटशी संबंध कधीच संपलेला. तेव्हा सर्च कन्सोलमध्ये मालक कोण आहेत हे आत्ता उघडून बघा, आणि त्याचे मेल ज्या पत्त्यावर जातात तो रोज वाचला जाणारा असू द्या, सिक्युरिटी इश्यूजचा रिपोर्टही त्याच पत्त्यावर येतो. गूगलला तुमच्या साइटवर काही घाण सापडली तर ते आधी तिथे सांगतं, आणि क्रोममध्ये लाल पाटी लागली की मग जगालाच सांगतं.

असल्या गोष्टी पकडायला मी काय लावतो ते सांगतो. एक म्हणजे गूगलमध्ये साइटची किती पानं आहेत यावर नजर. मूठभर पानांची साइट असेल आणि आकडा हजारांत गेला तर अजून काही शोधायची गरजच नाही. दुसरं, सर्च कन्सोलमधलं यूआरएल इन्स्पेक्शन, त्यात गूगलला ते पान कसं दिसलं ते मिळतं, तुम्हाला कसं दिसतं ते नाही. स्वतःच गूगलबॉटचा युजर एजंट, म्हणजे 'मी गूगलबॉट' अशी ओळख, लावून पान मागवता येतं आणि स्वस्तातले हॅक त्यात पकडलेही जातात, पण हुशार कोड आयपी गूगलचाच आहे का तेही तपासतो, तिथे आपलं सोंग चालत नाही. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं म्हणजे फाइल्सचे चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा. वर्डप्रेसच्या कमांड लाइन टूलमध्ये कोअर आणि प्लगइन दोन्हींचे चेकसम पडताळायची सोय आहे, तारीख खोटी करता येते पण चेकसम फसत नाही. फक्त तो वर्डप्रेस डॉट ऑर्गवरच्या प्लगइन्सनाच चालतो, विकत घेतलेल्या थीमला आणि प्लगइनला नाही. त्यासाठी मी सगळा कोड गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, ठेवतो आणि रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, गिट स्टेटस बघतो, उत्तर रिकामं आलं तर ठीक, एक ओळ जरी आली तर मेल. आणि अपलोड्समध्ये पीएचपी फाइल शोधणारी एक ओळीची कमांड. खरं तर अपलोड्समध्ये पीएचपी चालणारच नाही असं सर्व्हरवर सेट करून टाकावं, पण ते कुणी करून ठेवलेलं असेल तर शपथ.

पण ज्यात तुमच्या सर्व्हरवरची एकही फाइल बदलत नाही असाही प्रकार आहे, आणि तो जास्त वाईट. पानात आपण किती दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट जोडतो, आकडेवारीची, चॅटची, फाँटची, आणि या सगळ्या बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतात, आपल्या सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. पॉलिफिल डॉट आयओ ही त्यातलीच, जुन्या ब्राउझरसाठी लागणारा कोड देणारी, वर्षानुवर्षं लोकांनी डोळे झाकून जोडलेली. २०२४ च्या फेब्रुवारीत ते डोमेन दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि जूनमध्ये उघडकीला आलं की ती स्क्रिप्ट लोकांना सट्ट्याच्या साइट्सवर पाठवतेय, एक लाखाहून जास्त साइट्सवर ती लावलेली होती. आणि कोड कसा, तर फक्त ठरावीक मोबाइलवर, ठरावीक वेळेलाच चालणार, साइटचा अॅडमिन आहे असं वाटलं तर गप्प बसणार, पानावर अॅनालिटिक्स दिसलं तर थोडं थांबून काम करणार म्हणजे आकड्यांतही दिसायला नको. परत तेच, मालक सोडून सगळ्यांना.

ब्रिटिश एअरवेजचं २०१८ चं प्रकरणही क्लासिक म्हणावं लागेल, तिथे फाइल त्यांच्याच साइटवरची बदलली होती, पण चोरी अशीच बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये व्हायची. त्यांच्या साइटवर मॉडर्नायझर नावाची एक साधी लायब्ररी होती, तिच्या शेवटी कुणीतरी २२ ओळी जोडल्या. पेमेंटचं बटण दाबलं की कार्डाची माहिती नेहमीप्रमाणे कंपनीकडे जायची आणि तीच माहिती सोबत एका मिळत्याजुळत्या नावाच्या डोमेनवरही जायची, त्या डोमेनला एचटीटीपीएससाठी लागणारं रीतसर सर्टिफिकेटसुद्धा घेतलेलं. तिकीट बुक व्हायचं, साइट चालू, पेमेंट चालू, सगळं हिरवं, आणि चार लाखांच्या आसपास लोकांची माहिती गेली. दोनेक आठवडे हे चाललं, आणि कळलं तेही कंपनीच्या कुठल्या मॉनिटरमुळे नाही, बाहेरच्या कुणीतरी सांगितलं म्हणून. २०२० मध्ये त्यांना दोन कोटी पौंडांचा दंड झाला.

यासाठी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी नावाची चीज आहे. ब्राउझरला सांगायचं की माझ्या पानावरून फक्त या-या डोमेनशीच बोलायचं, बाकी कुणाशी बोलायला गेलं तर अडव आणि मला कळव. लोक याला घाबरतात कारण चुकीची लावली तर साइटच मोडते, खरंय, पण तिचा रिपोर्ट-ओन्ली मोड असतो, त्यात काहीच अडवलं जात नाही, फक्त कळवलं जातं. मॉनिटरिंगसाठी एवढं पुरे आहे. पहिले काही दिवस रिपोर्टचा नुसता पूर येतो, बघणाऱ्यांच्या ब्राउझरमधली एक्स्टेंशन्स काय काय घुसडतात ते बघून हसायला येतं, मग हळूहळू गाळत गेलं की नवं अनोळखी डोमेन आलं तर लगेच डोळ्यात भरतं. ज्या स्क्रिप्ट बदलायलाच नकोत त्यांना इंटिग्रिटीचा हॅश, म्हणजे चेकसमसारखाच ठसा, लावा, फाइल एका अक्षराने बदलली तरी ब्राउझर ती चालवत नाही. पॉलिफिलला मात्र हा हॅश लावताच आला नसता, कारण ती प्रत्येक ब्राउझरला वेगळी फाइल द्यायची. म्हणजे असली स्क्रिप्ट आपल्याच सर्व्हरवर आणून ठेवणं हाच मार्ग, किंवा काढूनच टाकणं, बहुतेक साइट्सना तिची गरजही उरली नव्हती.

लॉगबद्दल, म्हणजे कुणी काय मागितलं याच्या सर्व्हरच्या नोंदवहीबद्दल, बोलल्याशिवाय राहवत नाही कारण माझा जीव तिथेच रमतो. नवी साइट टाकली, सर्टिफिकेट घेतलं, अजून कुणाला पत्ताही सांगितला नाही, आणि थोड्याच वेळात ॲक्सेस लॉगमध्ये वर्दळ सुरू. कुणी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतंय, साइटवर वर्डप्रेस नसताना. कुणी डॉट एन्व्ह फाइल मागतंय, ज्यात पासवर्ड असतात. कुणी डॉट गिट फोल्डरमधली कॉन्फिग. लोक विचारतात यांना कळलं कसं. सर्टिफिकेट दिलं गेलं की त्यातलं नाव सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक लॉगमध्ये जातं, तिथे बॉट टपून बसलेले असतात. त्यामुळे 'टेस्ट' किंवा 'जुनी' अशा नावाचं सबडोमेन काढून ते कुणाला माहीत नाही असं समजू नका. याच लॉगचा फायदा आपल्यालाही आहे, सीआरटी डॉट एसएच (crt.sh) नावाच्या साइटवर आपलं डोमेन टाकलं की आजवर त्या नावाने कुठकुठली सर्टिफिकेट निघालीत ते दिसतं. त्यात आपण न काढलेलं सबडोमेन दिसलं तर बसून विचार करायची वेळ आली.

तर हे सगळे ४०४ बघून नवखा माणूस घाबरतो, माझ्यावर हल्ला होतोय म्हणतो, आयपी ब्लॉक करत सुटतो. कशाला. ४०४ म्हणजे त्याने मागितलं आणि त्याला मिळालं नाही, विषय संपला. मी लॉगमध्ये शोधतो ते २००. डॉट एन्व्ह मागितलं आणि पुढे २०० लिहिलंय, तर त्यातला प्रत्येक पासवर्ड त्या क्षणापासून गेला समजायचा, फाइल लपवून भागत नाही, सगळे बदलावे लागतात. अपलोड्समधल्या पीएचपी फाइलला कुणी पोस्ट रिक्वेस्ट केली, म्हणजे तिला काही पाठवलं, आणि उत्तर २००, तर कुणीतरी आत बसून काम करतंय. लॉगिनच्या पानावर मात्र उलटं, वर्डप्रेस चुकीच्या पासवर्डला २०० देतं, तेच लॉगिनचं पान परत दाखवतं ना, आणि बरोबर पासवर्डला ३०२ देऊन आत पाठवतं. म्हणून हजारभर २०० च्या रांगेत त्याच आयपीवरून एक ३०२ दिसला तर तो बघायचा. ४०४ मधले कामाचे फक्त तेवढेच ज्यांचा रेफरर, म्हणजे माणूस आला ते आधीचं पान, आपलीच साइट आहे, कारण ती आपल्याच पानावरची तुटलेली लिंक असते. आणि ५०० चं, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या बिघाडाच्या कोडचं, म्हणाल तर एखाददुसऱ्या ५०० ला अलर्ट लावू नका, वेड लागेल, दर मिनिटाला किती टक्के रिक्वेस्ट ५०० होतायत त्यावर लावा.

तारखांचं पटकन सांगतो. सर्टिफिकेट संपणं आणि डोमेन संपणं, दोन्ही अगदी आधीपासून माहीत असलेल्या तारखेला होतं आणि तरी लोक गाफील सापडतात. मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम १९९९ च्या डिसेंबरात रिन्यू करायचं राहिलं आणि हॉटमेलवाल्यांना लॉगिन होईना, शेवटी बाहेरच्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून पैसे भरले. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचंच टीम्स बंद पडलं, कारण संपलेलं सर्टिफिकेट. फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी तारीख संपायच्या अगोदर मेल पाठवायचं, जून २०२५ पासून तेही बंद झालंय. आणि सर्टिफिकेटच्या मुदती टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय, १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ पासून १००, आणि २०२९ पासून ४७. म्हणजे हाताने रिन्यू करणाऱ्यांनी आता तो नाद सोडावा. ऑटो रिन्यूवरही डोळे मिटून विश्वास नको. सर्टबॉट या आपोआप रिन्यू करणाऱ्या टूलने नवी फाइल आणून ठेवलेली असते, डिस्कवर सगळं ताजं असतं, पण पानं देणाऱ्या एनजिनएक्स सर्व्हरला कुणी रीलोड केलेलं नसतं, तो बिचारा जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो आणि जुन्याची तारीख आली की धडाम. म्हणून तारीख तपासायची ती बाहेरून, साइटला जोडून, फाइल उघडून नाही.

इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं २०१७ चं प्रकरण सगळ्यांना पॅच न लावल्याबद्दल माहीत आहे. त्यांनी वापरलेल्या अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरचा पॅच मार्चमध्ये आला होता, तो त्या एका सिस्टमवर लागला नाही आणि मे महिन्यात लोक आत घुसले. पण मला त्यातलं दुसरंच जास्त लागतं. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये काही गडबड आहे का हे बघायला त्यांनी एक उपकरण बसवलं होतं, त्या उपकरणाचं सर्टिफिकेट कित्येक महिन्यांपूर्वी संपलेलं, त्यामुळे त्याला एन्क्रिप्टेड ट्रॅफिक दिसतच नव्हतं. उपकरण चालू, काही तक्रार नाही, कारण दिसत काहीच नाही. जुलैच्या शेवटी नवं सर्टिफिकेट घातलं आणि लगेच संशयास्पद ट्रॅफिक दिसलं. ७६ दिवस आत घुसलेले लोक आरामात होते.

हा मॉनिटरचाच मॉनिटर कोण हा प्रश्न लोक विनोदाने विचारतात, पण उत्तर काढावंच लागतं. लोकांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबने ३१ जानेवारी २०१७ ला चुकून चालू डेटाबेसच पुसला, मग बॅकअप बघायला गेले तर डेटाबेसचे रोजचे बॅकअप होतच नव्हते, व्हर्जनचा घोळ होऊन कमांड रोज फेल होत होती. फेल झाल्याचे मेल जात होते की, पण ते डीमार्कमुळे समोरच्या सर्व्हरने नाकारले, वरती कॉन्टॅक्ट फॉर्मला जो रोग सांगितला तोच. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनची फाइल्स साठवायची एस-थ्री सेवा पडली तेव्हा त्यांचं स्टेटसचं पान बराच वेळ सगळं छान चाललंय असंच सांगत होतं, कारण ते बदलायची यंत्रणाच एस-थ्रीवर अवलंबून होती. म्हणून मॉनिटर त्याच सर्व्हरवर ठेवू नका, त्याच होस्टिंग कंपनीकडेही नको. अपटाइम कुमा हा आपल्याच सर्व्हरवर बसवायचा मॉनिटर स्वतः चालवायला मला आवडतो, पण साइट शेजारीच तो ठेवलेला बघितला की डोक्याला हात लावावासा वाटतो.

आणि क्रॉनच्या कामांसाठी उलटा अलार्म लावा. म्हणजे बिघडलं तर सांग असं नाही, झालं की हजेरी लाव, आणि हजेरी नाही आली तर मला उठव. हेल्थचेक्ससारख्या सेवा हेच करतात, बॅकअप संपला की स्क्रिप्टच्या शेवटी एक पत्ता हिट करायचा, ठरलेल्या वेळेत हिट आला नाही की मेसेज येतो. सर्व्हर मेला, क्रॉन बंद पडला, मेल अडकला, कुणी स्क्रिप्टच पुसली, काहीही झालं तरी हजेरी चुकते आणि कळतं. मी वर सांगितलेलं गिट स्टेटस आणि चेकसम दोन्ही असेच लावलेत, नाहीतर आत घुसलेला माणूस क्रॉनमधली ती ओळ काढून टाकेल आणि मेल येत नाही म्हणून आपण खूश.

अलर्ट किती ठेवायचे यावर लोकांची मतं वेगवेगळी असतात, माझं जरा टोकाचं आहे. जो अलर्ट आल्यावर तुम्ही उठून काही करणार नाही तो काढून टाका, नंतर कामाला येईल म्हणून ठेवू नका. सीपीयू ऐंशी टक्के झाला, बरं मग? पानं वेळेत उघडतायत ना? एका चुकलेल्या तपासणीवर फोन वाजवू नका, दोन वेगळ्या ठिकाणांहून सलग फेल झालं तरच वाजवा, कारण मधल्या नेटवर्कमध्ये कायम काही ना काही चाललेलं असतं. आणि मधूनच एकदा मुद्दाम काहीतरी बिघडवून बघा, फुटरमधला तो शब्द काढा, बॅकअपची हजेरी चुकवा, आणि फोन खरंच वाजतो का ते बघा. मी नव्या क्लायंटकडे आधी हेच करतो आणि बऱ्याचदा अलर्ट कुणा सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर जात असतात.

शेवटचं एक, जे फार कमी साइट्सवर दिसतं. ब्रिटिश एअरवेजला बाहेरच्यांनी सांगितलं तसंच बहुतेकांना बाहेरचंच कुणीतरी सांगतं, पण त्या माणसाने सांगायचं कुणाला? कॉन्टॅक्ट फॉर्ममध्ये लिहिलं तर ते सेल्सवाल्याकडे जातं, तो स्पॅम समजून उडवतो. यासाठी सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते, साइटच्या डॉट वेल-नोन (.well-known) फोल्डरमध्ये ठेवायची, एप्रिल २०२२ मध्ये तिचं रीतसर स्टँडर्ड आलं, आरएफसी ९११६. त्यात दोनच गोष्टी सक्तीच्या, संपर्काचा पत्ता आणि ही फाइल कधीपर्यंत खरी मानायची ती तारीख. तारीख वर्षाच्या आतलीच ठेवा असं ते सुचवतात. लिहायला दोन मिनिटं लागतात, फक्त पत्ता असा द्या जो कुणीतरी वाचतं. आणि हो, तीही तारीख संपते, तेव्हा सर्टिफिकेटच्या शेजारी तिलाही मॉनिटरमध्ये टाकून द्या.